बेचाळीस किलो तीनशे सोळा ग्रॅम

निर्यातीच्या कागदावर वजनाचा एक रकाना असतो. बाकीचे लोक त्यात बेचाळीस किलो लिहितात, फार तर साडेबेचाळीस. बाबांनी लिहिले होते बेचाळीस किलो तीनशे सोळा ग्रॅम.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," कस्टमच्या शेडमधल्या बाकावर बसता बसता होऊन-जाईल काका म्हणाले. "मी तेव्हाच म्हटलं होतं, बेचाळीस लिहा आणि मोकळे व्हा."

"बेचाळीस नव्हतं, म्हणून लिहिलं नाही," बाबा म्हणाले.

"अहो, कस्टमच्या कागदावर नसतं काही इतकं खरं."

"आमच्या असतं."

लोकांचा माल कस्टममधून सोडवून आणणे हा काकांचा तीस वर्षांचा धंदा. कसलीही अडचण सांगा, त्यांचे उत्तर ठरलेले, "होऊन जाईल." त्यावरूनच नाव पडलेले. आज सकाळपासून मात्र त्यांनी ते एकदाही म्हटले नव्हते, आणि ताईला खरी धास्ती त्याचीच होती.

ताई म्हणजे बाबांची लेक. तराजूंच्या कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत, आणि कामाच्या वेळेत बाबासुद्धा. कारखाना म्हणायचा तो एक मोठी खोली, एक लहान खोली आणि सात माणसे. लहान खोलीला खिडकी नव्हती. तिथे बोलायचे नाही, धावायचे नाही, दार जोरात लावायचे नाही. त्या खोलीत चौदा महिने बसून बाबांनी एक काटा तयार केला होता. त्याच्या एका पारड्यात कोरा कागद ठेवावा, त्यावर पेन्सिलीने एक टिंब द्यावे, की काटा हलतो. टिंबाचे वजन होते यावर लोकांचा विश्वास बसत नसे. पाहिल्यावर बसे.

हा काटा चार महिन्यांपूर्वी परदेशातल्या एका मापनसंस्थेकडे परीक्षेला गेला होता. परीक्षा दोन टप्प्यांची. आधी ती संस्था काटा तपासणार, त्याची पेटी बंद करून दोन शिशाची सीलं ठोकणार आणि परत पाठवणार. मग इथल्या मापन कार्यालयाचे लोक ती सीलं आपल्या हाताने तोडून पुन्हा सगळे तपासणार, कारण प्रवासाने बिघडणारा काटा कोणाच्या कामाचा? दोन्हीकडचे आकडे जुळले तर प्रमाणपत्र. वाटेत सील तुटले, मग ते कोणी का तोडलेले असेना, तर सगळी परीक्षा रद्द. पुढची संधी दोन वर्षांनी.

दोन वर्षे म्हणजे तशी फार नव्हेत. पण ज्या पोलादी धारेवर काट्याची दांडी डोलते, ती धार घासून झाल्यावर काही महिन्यांतच बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी धरत. घरात याबद्दल कोणी बोलत नसे. ताईने फक्त कप बदलले होते. जरा मोठ्या कानाचे आणले होते.

परदेशातल्या आकड्यांचे पत्र आले होते. आकडे असे होते की बाबांनी ते पत्र दोनदा वाचले आणि लहान खोलीत जाऊन बसले. आता उद्या सकाळी अकरा वाजता मापन कार्यालयाचे लोक येणार होते. आणि पेटी इथे, शेडमध्ये, दोन पिवळ्या रेघांच्या मध्ये अडकली होती.

"या," दारातून आवाज आला.

तपासणी अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या. गळ्यात चष्मा, खिशात स्टीलची लहान पट्टी. एजंट लोकांत त्यांचे नाव मिलिमीटर मॅडम. हे नाव त्यांना ठाऊक होते, आणि काकांच्या मते आवडतही होते.

"परत आलेल्या मालावर शुल्क नाही, हे तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण तो तोच माल असला पाहिजे. जाताना वजन बेचाळीस तीनशे सोळा. आता आमच्या काट्यावर एकेचाळीस सहाशे नव्वद. सहाशे सव्वीस ग्रॅम गेले कुठे?"

"मॅडम, कमीच झालंय," काका म्हणाले. "वाढलं असतं तर गोष्ट वेगळी."

"कमी झालं म्हणजे काहीतरी काढलं. आणि काढलं त्या जागी दुसरं काहीतरी बसवलेलं असू शकतं. चांगला भाग तिकडे विकायचा, हलका भाग घालून माल परत आणायचा, हे मी पाहिलंय."

"काट्यात?" बाबांनी विचारले. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी लेकराबद्दल वाईट बोलले.

"पंपात," बाई म्हणाल्या. "पण पंपवाल्याचा चेहराही अगदी असाच झाला होता."

त्यांना हवे होते ते साधे. बाहेरचा लाकडी खोका उघडायचा, आतली धातूची पेटी उघडायची, दांडीवर कोरलेला क्रमांक कागदाशी ताडून पाहायचा. दहा मिनिटांचे काम. मग कस्टमचे सील लावून पेटी परत.

बाबांनी सीलाची गोष्ट सांगितली. बाईंनी ती मध्ये न बोलता ऐकली, परदेशी संस्थेचे पत्र वाचले आणि घडी होती तशीच घालून परत दिले.

"मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, आणि ते खरे वाटत होते. "पण नियमात लिहिलंय, अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. माझी. तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण विश्वास म्हणजे खात्री नव्हे."

ताई आतापर्यंत गप्प होती. वाक्यातला शब्द न शब्द तपासून घ्यायची तिला सवय होती; प्रयोगशाळेत शिकली होती तेव्हापासूनची.

"मॅडम, खात्री पटली पाहिजे असं लिहिलंय. पेटी उघडूनच पटली पाहिजे, असं लिहिलंय का?"

बाईंनी चष्मा लावला. नियम त्यांना पाठ असणार, तरी पुस्तक काढून वाचला.

"नाही," त्या म्हणाल्या. "कशी पटवायची ते माझ्यावर सोडलंय."

"मग न उघडता पटली तर?"

"तर मला आनंदच आहे. पण पटवणार कशी?"

ताईला ते अजून माहीत नव्हते. तिने खोका जवळून पाहायची परवानगी मागितली.

पिवळ्या रेघांच्या मध्ये खोका उभा होता, त्यांच्याच कारखान्यात ठोकलेला. तिने नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि थांबली. फळ्यांच्या जोडात तिचे नख सहज आत गेले. चार महिन्यांपूर्वी याच जोडात कागद सरकला नसता. खोका ठोकणाऱ्या सुतारमामांनी ते सगळ्यांना बोलावून कागदानिशी दाखवले होते.

"बाबा, फळ्या कधी आणल्या होत्या आपण?"

"निघायच्या आदल्या आठवड्यात. हवा ओली होती, आठवतं ना, खिळे गंजत होते." बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनीही जोडात नख घातले. "वाळलंय," ते म्हणाले. "लाकूड वाळलंय!"

"वाळून अर्ध्या किलोच्या वर?" बाई मागे येऊन उभ्या होत्या.

"खोका आणि आतला लाकडाचा कीस मिळून साडेचौदा किलोच्या आत-बाहेर," ताई म्हणाली. "त्यातून चार-साडेचार टक्के पाणी गेलं की झाले सहाशेच्या वर. कोरड्या हवेच्या गोदामात इतकं सहज जातं."

"हा तुमचा अंदाज."

"आत्ता अंदाज. पण आतली पेटी अॅल्युमिनियमची आहे, झाकणाला रबर आहे, हवा आत जात नाही. ती वाळत नाही आणि भिजतही नाही. ती जाताना जितकी होती तितकीच आत्ता भरली, तर गेलं ते लाकडातलं पाणी."

"आणि जाताना किती होती, ते कोणी सांगायचं?"

आता काका उठून उभे राहिले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या अंगात जीव आल्यासारखा दिसला. त्यांनी फाइल उघडली, एक एक कागद उलटत गेले आणि शेवटून दुसऱ्या कागदावर थांबले. बाबांच्या हातची पॅकिंग लिस्ट. अक्षर सरळ, तेव्हाचे. खोका व कीस, चौदा किलो चारशे बारा ग्रॅम. आतली पेटी काट्यासह, सत्तावीस किलो नऊशे चार ग्रॅम. एकूण, बेचाळीस किलो तीनशे सोळा. खाली माल बाहेर पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचा शिक्का आणि सही.

"मी म्हणत होतो, ही चिठ्ठी कोण वाचणार," काका म्हणाले. "हे ऐकेचनात. म्हणाले जोडा, म्हणून जोडली."

बाईंनी शिक्का निरखून पाहिला, खिशातली पट्टी काढून मोजलासुद्धा. "शिक्का आमचाच आहे," त्या म्हणाल्या. "खोका उघडा."

खोक्याला अडचण नव्हती. सीलं आतल्या पेटीला होती. हमालांनी फळ्या काढल्या, कीस बाजूला केला आणि पेटी बाहेर आली. करड्या रंगाची, दोन कड्यांना दोन शिशाची सीलं, तार ताठ. बाबांनी आपसूक हात पुढे केला आणि मागे घेतला.

"काटा कुठला वापरायचा?" बाईंनी विचारले. "हा शेडमधला दहा-दहा ग्रॅमनी पुढे जातो."

"कारखान्यातून आणू?" बाबा उत्साहाने म्हणाले. "तासाभरात आणतो, अगदी चोख."

"तुमचा माल तुमच्याच काट्यावर? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" बाई बोलून गेल्या, आणि मग ओशाळल्या. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

बाबा मोठ्याने हसले. "बरोबर बोललात. मीही दिल्या नसत्या."

पार्सल विभागात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा होता. भिंतीला लागून टेबल, त्यावर काटा, मागे कॅलेंडर. हमालांनी पेटी अलगद ठेवली. आकडे धावले आणि थांबले.

सत्तावीस किलो आठशे सत्त्याऐंशी.

"सतरा ग्रॅम कमी," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता.

काकांनी डोळे मिटले. पण बाबा आणि ताई आकड्याकडे पाहतच नव्हते. दोघे एकदमच खाली वाकले होते, इतके एकदम की डोक्याला डोके लागले. त्यांच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. कुठल्याही काट्याकडे गेलात की आधी पाय बघा, तोंड मग.

"मागच्या पायांखाली काय आहे हे?" बाबांनी विचारले.

पार्सलचे कारकून गडबडले. "रबराच्या चकत्या आहेत. खुर्चीवर बसून आकडे दिसत नव्हते, म्हणून जरा पुढे कलवलाय. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं!" बाबांनी कपाळाला हात लावला. "अहो, कलता काटा म्हणजे कललेला माणूस. पूर्ण वजन पायांवर पडतच नाही त्याच्या."

"मॅडम, प्रमाणित वजन असेल ना इथे?" ताई म्हणाली. "आमच्या सांगण्यावर जाऊ नका. वीस किलो ठेवून बघा."

कपाटातून वीस किलोचे वजन आले. काट्याने दाखवले एकोणीस किलो नऊशे चौऱ्याऐंशी. बाईंनी कारकुनांकडे नुसते पाहिले. पुढचे काही सांगावे लागले नाही. त्यांनी स्वतःच चकत्या काढल्या, पाय फिरवत बसले आणि ताईने सांगितल्यावर काट्याची पातळी दाखवणाऱ्या काचेतला हवेचा बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध येईतो थांबले नाहीत. पुन्हा वीस किलो. वीस किलो शून्य शून्य शून्य.

"आता पेटी ठेवा," बाई म्हणाल्या.

सगळे श्वास धरून उभे होते. हमालसुद्धा.

सत्तावीस किलो नऊशे नऊ.

कागदावर होते नऊशे चार.

ताईने आकडा पुन्हा वाचला. कमी असते तर काहीतरी सांगता आले असते. पाण्याचे, हवेचे, झिजेचे. पण बंद पेटीत पाच ग्रॅम जास्त? ते आले कुठून?

"झालं की!" काका म्हणाले. "पाच ग्रॅम म्हणजे काय हो, पासंगालाही पुरणार नाहीत. सोडून द्या."

"नाही," बाबा म्हणाले. "पाच जास्त आहेत. मॅडम, जास्त म्हणून लिहा."

"अहो, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"

"काट्याच्या," बाबा म्हणाले. त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नव्हता. "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, मापात पाप नको. आता माझी वेळ आली तर पाच ग्रॅम खिशात घालू?"

"सोडून तर मीही देणार नाही," बाई म्हणाल्या. "पाच ग्रॅमना उत्तर हवं."

ताईने पेटी कोरड्या फडक्याने पुसली, धूळ असेल. नऊशे नऊ. परदेशी संस्थेने चिकटवलेली नावाची पट्टी बाईंच्या परवानगीने काढली. ती कागदाची होती. आकडा हलला नाही. पंखा बंद केला. नऊशे नऊ. तिचे डोके एकेक शक्यता घेत होते आणि खोडत होते. चार महिन्यांपूर्वी, निघताना, याच पेटीवर काय नव्हते?

उत्तर तिच्या तोंडात यायच्या आत बाई तिथून निघून गेल्या होत्या. आपल्या टेबलापर्यंत गेल्या, वरचा खण ओढला आणि मूठ बंद करून परत आल्या. त्यांनी हमालांना पेटी उचलायला लावली. रिकाम्या काट्यावर शून्य आले. मग त्यांनी मूठ उघडली आणि दोन शिशाची सीलं, तारेसकट, काट्यावर ठेवली.

पाच ग्रॅम.

"तीस वर्षं रोज हीच लावते आहे," बाई म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुम्ही पेटी पाठवलीत तेव्हा तिला सीलं नव्हती, ती तिकडच्या लोकांनी लावली." तरी त्यांनी पट्टी काढली. आधी काट्यावरचे सील मोजले, मग पेटीवरचे, हात न लावता. परदेशी संस्थेचे पत्र पुन्हा मागून घेतले. "आठ मिलिमीटर. पत्रात आठ, पेटीवर आठ, आमचंही आठ."

"म्हणजे जुळलं," काका हळूच म्हणाले.

"जुळलं. आणि ऐका," बाई बाबांकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता वेगळेच तेज होते. कोडे दुसऱ्याने नव्हे, आपण सोडवले, हे माणसाच्या चेहऱ्यावर दिसतेच. "काट्यावर बरोबर नऊशे चार आले असते ना, तर मी पेटी उघडली असती. कारण मग सीलांचे पाच धरून आतले पाच कमी झाले असते."

बाबा एकदम ताठ झाले. असा हिशोब कोणी करते, हे त्यांना कारखान्याबाहेर पहिल्यांदाच दिसले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "निवृत्त झालात की आमच्याकडे या. लहान खोलीत जागा आहे."

"तिथे बोलायला बंदी आहे, मॅडम," काका म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो."

"मग तुम्हाला कसं आत घेतात?"

"घेतच नाहीत."

रिकामा खोका आणि कीसही त्याच काट्यावर चढले. तेरा किलो सातशे एक्क्याऐंशी. लाकडातून सहाशे एकतीस ग्रॅम पाणी गेले होते; त्यात सीलांचे पाच वाढले, उरला फरक सहाशे सव्वीस. ताईने हे कागदावर मांडून दाखवले. बाईंनी ते आपल्या हाताने पुन्हा मांडले आणि मगच अहवाल लिहायला घेतला.

त्या सावकाश लिहीत होत्या. माल तोच. तसाच. बदल नाही. सील अखंड. वजनातील फरकाची कारणे पुढीलप्रमाणे. रकान्यात तीन आकडे मावेनात, तेव्हा त्यांनी रेघेबाहेर लिहिले आणि बाजूला सही केली.

"इथे तुमची सही," त्या बाबांना म्हणाल्या.

बाबांनी पेन घेतले. हात कागदाजवळ गेला आणि कापू लागला. ताई पुढे होणार होती, तेवढ्यात तिने पाहिले, बाईंनी कागदाच्या एका कोपऱ्यावर आपली स्टीलची पट्टी ठेवली होती आणि दुसऱ्यावर बोट. कागद टेबलाशी घट्ट. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या, जणू त्यांना घाई अशी कधी नसतेच. बाबांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि सही केली. अक्षर पॅकिंग लिस्टमधल्यासारखे सरळ आले नाही. पण ओळ सोडून खाली गेले नाही.

खोका पुन्हा ठोकला गेला. हमालांनी न सांगता तो असा उचलला की आतले काही हलले नसावे. एवढ्या वेळात त्यांनाही त्या पेटीबद्दल आपलेपणा वाटू लागला होता. गाडीत ताई मागे बसली, खोक्याला हात लावून. बाबा पुढे. उद्या अकराला मापन कार्यालयाचे लोक येतील, त्यांच्या पक्कडीने तार कापतील, आणि मग दांडी डोलेल. बाबांच्या हाताने घासलेल्या धारेवर डोलेल. त्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"उद्याचं काय?" तिने गाडीच्या खिडकीतून काकांना विचारले.

"होऊन जाईल," काका म्हणाले, आणि ताईने दिवसभरात पहिल्यांदा पाठ टेकली.

फाटकावर गेटपासवाल्याने खोक्याकडे पाहिले, पेन उचलले आणि शेडच्या दाराकडे तोंड करून ओरडला, "मॅडम, वजन एकेचाळीस लिहू?"

आतून उत्तर यायला क्षणही लागला नाही.

"एकेचाळीस सहाशे नव्वद!"

पुढच्या सीटवर बाबांनी मान डोलावली, बरोबर एकदा.